लग्न झालेलं नाही, पण बाप आहात : गरोदरपणापासून मुलाच्या भेटीपर्यंत कायद्याची वाट

"मॅडम, सोनोग्राफीचा फोटो तरी मागता येतो का?" कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात पंचविशीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं. मैत्रिणीला पाचवा महिना लागला होता, दोघांचं बिनसलं होतं आणि तिच्या घरच्यांनी याचा फोन घेणं बंद केलं होतं. हातातल्या प्लास्टिकच्या फायलीत डॉक्टरांच्या तीन-चार चिठ्ठ्या आणि औषधांची बिलं होती. मी म्हटलं, मागता येतो, पण हक्काने नाही. ती बिलं मात्र जपून ठेव. त्याला माझं पहिलं वाक्य ऐकू गेलं, दुसरं गेलं नाही. बहुतेकांचं असंच होतं.

हा लेख त्या दुसऱ्या वाक्याचा आहे. लग्न न झालेल्या बापाला गरोदरपणात आपला कायदा जवळपास काहीच देत नाही. मूल जन्मल्यावर जे मिळतं तेही मुलाच्या हिताच्या दारातून आत येतं. म्हणून न्यायाधीश पुढे काय वाचणार आहेत ते या नऊ महिन्यांतच लिहिलं जातं, आणि लिहिणारे तुम्हीच असता.

एक अट आधीच सांगते. पुढचं सगळं दोघंही सज्ञान आहेत असं धरून लिहिलं आहे. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू होतो आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्याला ती कळवावीच लागते. अशा वेळी भेटीच्या हक्काचा विचार बाजूला ठेवा आणि आधी फौजदारी वकील गाठा.

## पहिलं काम : आपण कुठे उभे आहोत ते ओळखा

"लग्न झालेलं नाही" या तीन शब्दांत कायद्याच्या दृष्टीने निदान चार वेगळ्या गोष्टी असतात.

सगळ्यात सरळ गोष्ट ही, की दोघंही अविवाहित आहेत आणि कुठलाही विधी झालेला नाही. दोघं हिंदू असतील (या कायद्यापुरते बौद्ध, जैन आणि शीखही त्यात येतात), तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ६(ब) लागू होतं. विवाहबाह्य मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर बाप. कायद्याच्या भाषेत मूल ‘अनौरस’. शब्द जुनाट आणि टोचणारा आहे, पण अर्जात तो वाचायला मिळेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

दुसरी गोष्ट, देवळात हार घातले, विधीही झाला, पण एकाचं आधीचं लग्न कायम असल्यामुळे हे लग्न अवैध आहे. इथे हिंदू विवाह कायद्याचं कलम १६ मुलाला औरस मानतं. आईबापाच्या वाट्याच्या मालमत्तेत अशा मुलाला हिस्सा मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तुमचं प्रकरण या गटात असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, कारण सगळी मांडणी बदलते.

तिसरी गोष्ट, दोघं बरीच वर्षं नवरा-बायकोसारखे एकत्र राहिले. दीर्घ सहवासावरून लग्न झालं असावं असं गृहीत धरता येतं, हे सर्वोच्च न्यायालय १९७८ पासून सांगत आलं आहे आणि २०२२ मध्येही त्याने ते पुन्हा सांगितलं. पण सहा महिने एका फ्लॅटमध्ये राहणं म्हणजे दीर्घ सहवास नव्हे. रेशनकार्ड, भाडेकरार, बँकेतलं वारस म्हणून नाव, शेजाऱ्यांची साक्ष असं काहीतरी लागतं.

चौथी गोष्ट सगळ्यात अवघड, ती दुसऱ्याची बायको आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ (जुन्या पुरावा कायद्यातलं ११२) म्हणतं, की वैध लग्न चालू असताना किंवा ते संपल्यावर २८० दिवसांच्या आत आईने पुन्हा लग्न न करता मूल जन्मलं, तर ते नवऱ्याचंच. हे मोडायचं तर मूल राहिलं त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती असं सिद्ध करावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. "डीएनए करा, सगळं कळेल" हे वाक्य या गटात चालत नाही. अशा अशिलाला मी खोटी आशा दाखवत नाही.

मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना १९५६ चा कायदा लागू नाही. सुन्नी मुस्लिमांच्या हनफी पंथाच्या कायद्यात विवाहबाह्य मुलाचं नातं आईकडून धरतात. ख्रिस्ती अविवाहित आईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी सांगितलं, की मुलाकडे फिरकलेल्याही नसलेल्या बापाला नोटीस न देता आईला पालक नेमता येतं. पण त्याच निकालात असंही आहे, की पालकत्वाचे आदेश कायमचे नसतात. मुलाचं हित धोक्यात असेल तर मुलाची खरी काळजी असलेली व्यक्ती ते पुन्हा तपासायला लावू शकते. हा निकाल अविवाहित बापांच्या विरोधात म्हणून ओळखला जातो. मला त्यात बेफिकीर बाप आणि काळजी घेणारा बाप यांच्यातली रेषा दिसते. अर्ज करताना आपण रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत ते कागदावर दाखवावं लागतं.

## गरोदरपणात : तिचं शरीर, तिचा निर्णय

गर्भपात करायचा की नाही हे तीच ठरवते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. नवऱ्याचीही सही लागत नाही, मग तुमची कुठून? बायकोने आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून एका नवऱ्याने तिच्यावर आणि डॉक्टरांवर तीस लाखांचा दावा केला होता. तो फेटाळला गेला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात ‘नवरा’च्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आणला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रीलाही २० ते २४ आठवड्यांची मुभा विवाहितेइतकीच आहे असं ठरवलं.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. तिला मूल हवंय आणि तुम्हाला नको, तरी तुम्ही गर्भपाताची सक्ती करू शकत नाही. तिच्या संमतीशिवाय, गोळ्या कशात तरी मिसळून किंवा धाक दाखवून गर्भपात घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

पोटातल्या बाळाचा ताबा किंवा भेट मागणारा अर्ज करता येत नाही. पालकत्वाचा कायदा जन्मलेल्या अज्ञान मुलाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्याचा, आहे. तिचे रिपोर्ट, सोनोग्राफी, तपासणीच्या तारखा हे तिचं खासगी आहे. डॉक्टर तिच्या संमतीशिवाय तुम्हाला काही सांगणार नाहीत, आणि त्यासाठी रिसेप्शनवर आवाज चढवलात तर पुढे तोच प्रसंग तुमच्याविरुद्धच्या प्रतिज्ञापत्रात सापडेल. मुलगा की मुलगी हे विचारणं तर १९९४ च्या कायद्याने सगळ्यांनाच बंद आहे.

मग नऊ महिने हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. या काळात तीन कामं करता येतात.

पैसे द्या, आणि दिल्याची खूण ठेवा. रोख देऊ नका. यूपीआय किंवा बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात ‘तपासणी’, ‘औषधं’, ‘रक्त तपासणी’ असं लिहा. तिने परत पाठवले तर तोही पुरावाच आहे. परत आल्यावर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत राहा. पोटगीचा प्रश्न आला की "मी तयार होतो" हे सांगायला पासबुक पुरतं.

एकदाच लिहून कळवा. पन्नास मेसेज नकोत, एक शांत पत्र किंवा ईमेल. मजकूर साधारण असा : "मी या बाळाचा बाप आहे हे मला मान्य आहे. तपासणी, बाळंतपण आणि त्यापुढच्या खर्चातला माझा वाटा मी देईन. तुला सोयीचं असेल त्या वेळी आणि त्या ठिकाणी बाळाला भेटण्याची माझी इच्छा आहे. तुझ्यावर कसलाही दबाव नाही." हे पाठवण्याआधी वकिलाला दाखवा. या कबुलीने पोटगीची जबाबदारी गळ्यात पडते. शिवाय लग्नाचं खोटं आश्वासन दिल्याची तक्रार होण्याची शक्यता असेल तर प्रत्येक शब्द तोलावा लागतो. न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये पाळण्याचा इरादाच नसताना लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुळातच खोटं वचन आणि नंतर न पाळता आलेलं वचन यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. पण तो फरक कोर्टात सिद्ध होईपर्यंत तुमची वर्षं जातात.

जपण्यासारखं जपा. तिने तुम्हाला बाळाचा बाप म्हटलेले मेसेज, एकत्र फोटो, दोघांच्या नावाचा भाडेकरार, दवाखान्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून लिहिलेलं तुमचं नाव. नुसते स्क्रीनशॉट कोर्टात चालत नाहीत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन शाबूत हवा. भांडणाच्या रागात चॅट पुसणारे पुष्कळ पाहिले आहेत. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. तिचे खासगी फोटो मात्र कुठेही, कुणालाही पाठवू नका. वकिलाने मागितल्याशिवाय वकिलालासुद्धा नको.

आणि अजून मन जुळलेलं असेल तर? मग बाळंतपणाआधी लग्न करा. सल्ला आजीबाईंच्या थाटाचा वाटेल, पण त्यामागे कलम ११६ आहे. मूल कधी राहिलं याला महत्त्व नाही, लग्न चालू असताना जन्मलं की ते औरस. दोघं वेगळ्या धर्माचे असाल तर विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस लक्षात ठेवा. आठव्या महिन्यात नोंदणी कार्यालयात पोचलात तर हिशोब बसत नाही.

## जन्माची नोंद : पहिले २१ दिवस

जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखानाच कळवतो, आणि बापाच्या रकान्यात आई सांगेल ते नाव जातं किंवा रकाना रिकामा राहतो. ख्रिस्ती आईच्या २०१५ च्या त्याच निकालाने एकट्या आईला प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळाला पाहिजे असं सांगितलं आहे. म्हणजे तुमचं नाव नसणं बेकायदा नाही.

दोघं राजी असाल तर हे काम दवाखान्यातच उरका. दोघांचं ओळखपत्र द्या, आणि नोंदणी कार्यालयाने मागितलं तर दोघांचं संयुक्त प्रतिज्ञापत्र. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. तो एकदा चुकला की दुरुस्तीचे हेलपाटे पाठीशी लागतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी आईचं नाव आणि मग बापाचं नाव येतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ती राजी नसेल तर महापालिकेच्या खिडकीवर भांडून नाव लागत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पुढचं कोर्टावर सोडा. दाखल्यावरून भांडणाऱ्या आईबापांवर न्यायालयं आता वैतागलेली दिसतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दाखल्यावर फक्त स्वतःचं नाव मागणाऱ्या आईची याचिका फेटाळली आणि मुलाच्या जन्मनोंदीवर आईबाप दोघांपैकी कुणालाही आपला हट्ट चालवता येणार नाही असं सुनावलं. हा निकाल तुमच्या बाजूचा वाटेल. पण तोच नियम हट्टी बापालाही लागू आहे.

## दत्तक दिलं जाण्याची भीती असेल तर

इथे घड्याळ खरंच चालू असतं. विवाहबाह्य मूल एकटी आई बालकल्याण समितीपुढे सोपवू शकते, बापाची सही लागत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ३५ मध्ये फेरविचाराला दोन महिने आहेत. ते उलटले की मूल दत्तकासाठी मोकळं होण्याच्या वाटेला लागतं.

तुम्हाला कुणकुण लागली असेल तर त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या. मी जैविक पिता आहे, डीएनए चाचणीला तयार आहे, मूल सांभाळण्याची तयारी आहे, मला न ऐकता मूल दत्तकासाठी मोकळं करू नये. सोबत पुरावे जोडा, पोच घ्या आणि लगोलग वकिलामार्फत उच्च न्यायालयाचा विचार करा. एप्रिल २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने लिव्ह-इनमधल्या एका जोडप्याच्या प्रकरणात, बापाला बाजूला ठेवून झालेली मूल सोपवण्याची प्रक्रिया रद्द ठरवली. मूल सोपवण्यापुरतं लिव्ह-इनमधलं मूल विवाहित जोडप्याच्या मुलासारखंच धरायचं, असं त्या न्यायालयाने म्हटलं. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचं वजन आहे.

## पितृत्व सिद्ध करायचं कसं

ती नाकारत नसेल तर हा टप्पा वगळा. नाकारत असेल तर कुटुंब न्यायालयात पितृत्वाची घोषणा मागायची आणि त्यात डीएनए चाचणीचा अर्ज. आई अविवाहित असेल तर कलम ११६ चं गृहीतक आड येत नाही, हा तुमचा फायदा. तरीही चाचणी मागितली की मिळते असं नाही. डीएनए उठसूट करायची नसते, आधी प्रथमदर्शनी पुरावा हवा, हे सर्वोच्च न्यायालय १९९३ पासून सांगत आलं आहे. वर जपायला सांगितलेले मेसेज आणि बिलं इथे कामाला येतात.

बाळाचे केस किंवा दुपट्याचा तुकडा गुपचूप खासगी प्रयोगशाळेत पाठवण्याची कल्पना कुणीतरी देईलच. करू नका. तो अहवाल तुमच्या मनाचं समाधान करेल, पण नमुना कुठून आणि कसा आला याची साखळी नसल्यामुळे कोर्टात टिकणार नाही. वर गुपचूप वागणारा माणूस अशी नोंद होईल.

## भेटीचा अर्ज : एकेक पायरी

अर्ज कुठे करायचा? १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या न्यायालयात. तुम्ही पुण्यात आणि बाळ आजोळी लातूरला असेल, तर लातूरला. मुंबईकरांना वांद्र्याचं कुटुंब न्यायालय, आणि जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे जिल्हा न्यायालय.

कोणत्या कलमाखाली? इथे नवखे वकीलही चुकतात. कलम २५ ताबा मागणाऱ्या ‘पालका’साठी आहे, आणि १९५६ च्या कायद्याच्या कलम ६(ब) मुळे आई हयात असताना तुम्ही नैसर्गिक पालक नाही. फक्त २५ खाली गेलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवेल. म्हणून मुख्य अर्ज १८९० च्याच कायद्यातल्या पालक नेमण्याच्या कलम ७ खाली, सोबत कलम १२ खाली अंतरिम भेटीची मागणी, आणि कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ७ चा आधार, कारण त्यात ‘भेट’ हा शब्द स्पष्ट आहे. १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलम ६(अ) मधल्या (लग्नातल्या मुलाचा पालक बाप, त्याच्या नंतर आई) ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘गैरहजेरीत’ असा घेतला. आई मुलाकडे प्रत्यक्ष बघतच नसेल तर तोच तर्क ६(ब) ला लावून पाहता येतो. ती नीट सांभाळत असेल तर मात्र हा मुद्दा काढूच नका.

मागायचं काय? माझं मत स्पष्ट आहे, ताबा मागू नका, भेट मागा. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच राहतं. लग्नाच्या बापांनाही हे कळायला जड जातं. २०१५ मध्ये गोव्यातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तान्हं मूल आईकडे परत दिलं, आणि तिथे तर आईबाप नवरा-बायको होते. ताब्याचा दावा लावला की ती बचावाच्या पवित्र्यात जाते आणि साधी रविवारची भेटही तीन वर्षं अडकते. मूल खरोखर धोक्यात असेल, उपाशी राहत असेल किंवा मार खात असेल, तर गोष्ट वेगळी.

अर्जात तिच्या चारित्र्यावर एक ओळही नको. "ती कशी आहे" याची पानं भरणारे अर्ज न्यायाधीश दुसऱ्या पानावर मिटतात. मी काय केलं, काय देतो, कुठे राहतो, घरात कोण आहे, बाळ आलं तर कोण बघेल, कामाच्या वेळा काय, एवढं लिहा. उत्पन्नाचा पुरावा आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं, आईचं किंवा बहिणीचं, प्रतिज्ञापत्र जोडा. तान्ह्या बाळाच्या बाबतीत त्या एका कागदाचा उपयोग दहा निकालांपेक्षा जास्त होतो.

पुढे नोटीस बजावली जाते, ती हजर होते, आणि प्रकरण बहुधा विवाह समुपदेशकाकडे जातं. नाव ‘विवाह’ समुपदेशक असलं तरी तुमचंही प्रकरण तिथेच जाणार, ओशाळू नका. कुटुंब न्यायालयात वकील हा हक्काने नसतो, न्यायालयाच्या परवानगीने असतो, आणि समुपदेशनात तुम्हालाच बोलावं लागतं. तिथे बहुतेक वेळा पहिली भेट ठरते. अर्ज जिंकून मिळालेल्या भेटीपेक्षा समुपदेशकाच्या टेबलावर ठरलेल्या भेटी जास्त टिकतात, हा माझा अनुभव.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

## वेळापत्रक बाळाच्या वयाने मागा

अंगावर पिणाऱ्या बाळाला दर शनिवारी रात्री मुक्कामाला मागणारा बाप कोर्टाला अडाणी वाटतो. सहा महिन्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा तासभर, आईच्या घरी किंवा तिने सुचवलेल्या नातेवाइकाकडे. पुढे दोन वर्षांपर्यंत आठवड्याला दोन-तीन तास, दुपारची झोप सांभाळून. त्यानंतर पूर्ण दिवस. मुक्काम मूल तुमच्या घराला सरावल्यावर. हा कायद्यातला तक्ता नाही, पण असा तक्ता अर्जाला जोडला तर त्यावर बोलणी सुरू होतात.

सणांचं आधीच लिहून घ्या. गणपती कुणाकडे, दिवाळीचे कोणते दोन दिवस, वाढदिवसाला सकाळ की संध्याकाळ, मे महिन्याच्या सुट्टीचं काय. बारसं कुणी करायचं यावर अडून बसू नका, ते हरलात तरी चालेल. शहर वेगळं असेल तर व्हिडिओ कॉलचे वार ठरवून मागा. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीबरोबर ‘संपर्काचा’ हक्कही महत्त्वाचा मानला आहे.

आदेश मिळूनही ती भेटू देत नसेल तर दारात तमाशा करू नका. ठरलेल्या वेळी जा, दहा मिनिटं थांबा, "आलो होतो" असा मेसेज करा आणि परत या. असे तीन-चार प्रसंग जमले की त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करा. तिने कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागितली असेल, तर त्या कायद्याच्या कलम २१ मध्येही मुलाला भेटण्याची व्यवस्था मागता येते.

## पोटगी

लग्न नसलं तरी पोटगी चुकत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५) औरस-अनौरस असा भेद नाही. भेट आणि पोटगी यांचा कोर्टात सौदा होत नाही. भेटू देत नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. उलट कुणी न मागता दरमहा ठरावीक तारखेला पैसे पाठवणाऱ्याचा अर्ज न्यायाधीश वेगळ्या नजरेने वाचतात.

वारसाहक्काचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. लग्नाचा काही विधीच झाला नसेल तर हिंदू वारसा कायदा मुलाचं नातं आईकडून धरतो, तुमच्या मालमत्तेत त्याला आपोआप वाटा नाही. द्यायचा असेल तर मृत्युपत्र करा, विमा आणि भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रंही तपासा.

## मूल उचलून आणण्याचा विचार

न्याय संहितेच्या अपहरणाच्या कलमाला, कलम १३७ ला, एक अपवाद आहे. आपण अनौरस मुलाचा बाप आहोत असा ज्याचा प्रामाणिक समज आहे, त्याने मूल नेलं तर ते कायदेशीर पालकाकडून अपहरण ठरत नाही, हेतू अनैतिक किंवा बेकायदा नसेल तर. अविवाहित बापाचा उल्लेख करणारी फौजदारी कायद्यातली ही दुर्मीळ ओळ इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. ती वाचून कुणीतरी तुम्हाला म्हणेल, "आण की मग उचलून!"

ही ओळ तुरुंगापासून वाचवेल, एवढंच. बाळ आणलंत की ती उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (बाळाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका) दाखल करेल, बाळ परत जाईल, आणि तुमच्या भेटीच्या अर्जाला कायमचा डाग लागेल. तिचं निधन झालं असेल तर कलम ६(ब) प्रमाणे तुम्ही नैसर्गिक पालक ठरता, तेव्हाही सासरवाडीसारखं दार ठोठावण्याआधी वकील गाठा.

## गोवा आणि परदेश

गोव्यात कौटुंबिक बाबींना पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागू आहे. वरची कलमं तिथे जशीच्या तशी लावू नका, गोव्यातलाच वकील बघा. इंग्लंड-वेल्समध्ये १ डिसेंबर २००३ पासून, आईबरोबर जन्मनोंदणीवर नाव लागलं की अविवाहित बापाला पालकत्वाची जबाबदारी मिळते. अमेरिकेत बाळंतपणाच्या दवाखान्यातच पितृत्व-स्वीकृतीचा अर्ज दोघांच्या सहीने भरता येतो. तिथल्या अनेक राज्यांत संभाव्य बापांची नोंदवही असते. तीत नाव नसेल तर दत्तकाची नोटीसही येणार नाही. अमेरिकेतल्या एडिसनमध्ये असा की इंग्लंडमधल्या स्लाऊमध्ये, त्या कागदावरची सही टाळू नका.

## पहिल्या भेटीला जाताना

दहा मिनिटं आधी पोचा. एकटे जा, फार तर आईला न्या. मित्रांची टोळी नको. खेळण्यांचा ढीग नको, एक मऊ खेळणं आणि स्वच्छ दुपटं पुरे. उग्र अत्तर लावू नका, बाळं बिचकतात. बाळ रडलं तर हट्टाने उचलून घेऊ नका, ज्याच्या कडेवर असेल त्याच्या शेजारी बसा. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि स्टेटसला लावू नका. तिच्याशी पैशाचं, जुन्या भांडणाचं बोलणं त्या तासात काढू नका. वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी उठा, बाळ परत द्या, नोंदवही असेल तर सही करा आणि पुढची तारीख लिहून घ्या.